‘ई’ नीट उच्चारायचा कसा: आधी जीभ, शेवटी ओठ

‘ई’ म्हणा असं सांगितलं की बहुतेक जण आधी ओठ ताणतात, फोटोला हसावं तसे. आवाज निघतो, ऐकणाऱ्याला तो ‘ई’ आहे हेही कळतं. पण तो चिरका असतो, नाहीतर नाकातून येतो, नाहीतर सुरुवातीला ‘य’ चिकटलेला असतो. रोजच्या बोलण्यात हे खपून जातं. परभाषा शिकताना, माइकसमोर वाचताना किंवा एखादा सूर धरून ठेवताना मात्र उघडं पडतं. पुष्कळदा याचं कारण एकच असतं: कामाचा क्रम उलटा झालेला असतो. ‘ई’ हा जिभेचा स्वर आहे. ओठांचं काम त्यात शेवटचं आणि सगळ्यांत कमी.

हे पटत नसेल तर एक स्वच्छ पेन्सिल आडवी दातांत धरा आणि ‘ई’ म्हणा. जबडा अडलेला, ओठ विस्कटलेले, तरी ‘ई’ ओळखू येण्याइतका निघतो. दातांत ठोकळा धरून केलेल्या प्रयोगांतही माणसं जवळजवळ नेहमीसारखेच स्वर काढतात असं दिसलं आहे. जबड्याची उणीव जीभ भरून काढते.

## सुरू करण्यापूर्वी

हातात येईल एवढा आरसा, मोबाइलमधला रेकॉर्डर आणि शांत खोली, एवढं पुरे. हात धुऊन घ्या, कारण बोटं तोंडाजवळ न्यायची आहेत. सर्दीत हा सराव करू नका. नाक चोंदलेलं असलं की चौथ्या टप्प्यातली तपासणी काहीच सांगत नाही.

कुठल्या भाषेचा ‘ई’ हवा आहे ते आधी ठरवा. स्पॅनिश किंवा फ्रेंच ‘ई’ आखूड असला तरी जिभेनं पुरता उचललेला असतो आणि शेवटपर्यंत जागचा हलत नाही. इंग्रजीतला दीर्घ ‘ई’ अनेकांच्या तोंडी किंचित खालून सुरू होऊन वर सरकतो. दोन्हींसाठी पहिले सहा टप्पे सारखेच आहेत. फरक सातव्यात पडतो.

सावध: फोनवर कुणाला ऐकवून ‘बरोबर आहे का’ असं विचारू नका. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते, आणि पुरुषी आवाजातल्या ‘ई’चा खालचा अनुनाद बऱ्याचदा ३००च्या खालीच असतो. समोरासमोर ऐकवा किंवा रेकॉर्ड करा.

## टप्पा १: टोक खाली ठेवा

तोंड मिटून नाकानं एक-दोन श्वास घ्या. मग दात अगदी थोडे विलग करा, करंगळीचं टोक कसंबसं शिरेल इतके. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला टेकवा आणि तिथेच राहू द्या.

इथेच पहिली चूक होते. ‘जीभ वर न्या’ म्हटलं की लोक टोक वर नेतात. टोक वर गेलं की जिभेची पाठ खाली बसते आणि ‘ई’ला ‘ल’ची नाहीतर ‘र’ची छटा येते. वर जायची आहे ती टोकामागची, कठीण टाळूच्या बरोबर खाली येणारी पाठ. काहींची जीभ टोक न टेकवताही नीट बसते आणि त्यांचं काही चुकत नाही. पण शिकताना टेकवूनच ठेवा, म्हणजे एका गोष्टीची काळजी मिटते.

तपासणी: आरशात पाहा. खालच्या दातांच्या मागे जिभेचा पुढचा भाग दिसला पाहिजे. जिभेची खालची बाजू, तिथली नस दिसत असेल तर टोक उचललं गेलं आहे.

## टप्पा २: जिभेची पाठ वर, पण घासू नये इतकीच

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे. तो घाईनं उरकू नका.

संस्कृत शिकलेल्यांना ‘इचुयशानां तालु’ हे पाठ असेल: इ, चवर्ग, य आणि श यांची जागा एकच, टाळू. त्याचा इथे थेट उपयोग होतो. ‘य’ जमत असेल तर ‘ई’ची जागा तुम्हाला आधीच सापडलेली आहे. ‘आया’ म्हणायला लागा आणि ‘य’च्या मधोमध थांबा. पुढचा ‘आ’ म्हणू नका. जीभ आत्ता जिथे आहे तिथून ‘ई’ जेमतेम केसभर लांब आहे.

आता आवाज बंद करा आणि नुसतं कुजबुजा. पाठ आणखी वर रेटा. एका जागी हवा घासल्याचा आवाज येईल, जर्मनमधल्या ‘इश’ (म्हणजे ‘मी’) या शब्दाचा शेवट असतो तसा ‘ह’ आणि ‘श’ यांच्या मधला. ही वरची हद्द. तिच्यापलीकडे स्वर उरत नाही, व्यंजन होतं. तिथून पाठ हळूच खाली सोडा आणि घासणं थांबेल त्या क्षणी थांबा. हीच ‘ई’ची जागा.

खालून चढत जाऊन, म्हणजे ‘ए’वरून ‘ई’कडे जाऊन, जागा शोधणारे बहुधा अलीकडेच थांबतात. ‘ए’ संपून ‘ई’ नेमका कुठे सुरू झाला याची खूण तोंडात लागत नाही. वरच्या हद्दीची खूण मात्र कानाला स्पष्ट कळते. म्हणून जागा वरून खाली येत शोधा.

तपासणी: जीभ तशीच ठेवून तोंडानं झटकन श्वास आत ओढा. गार हवा जिभेच्या मधल्या पट्टीवर आणि टाळूच्या मध्यावर लागली पाहिजे. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांच्या आतल्या बाजूला टेकलेल्या असतात, त्यामुळे तिथे गारवा लागत नाही. एकाच बाजूला गार लागलं तर जीभ वाकडी बसली आहे. कुठेच नीट लागलं नाही तर ती पुरेशी वर गेलेली नाही.

कडा टेकलेल्या आणि मध्ये पन्हळीसारखी वाट, असा हा आकार आहे. कडांचा आधार सुटला की स्वर डगमगतो. लांबवलेला ‘ई’ मध्येच ‘ए’कडे घसरतो तो बहुतेक वेळा यामुळेच. दातांना तारा किंवा नवी कवळी बसवलेली असेल तर कडांना जुनी जागा लगेच सापडत नाही. काही दिवस जाऊ द्या, जीभ नवा बेत बसवून घेते.

## टप्पा ३: घसा मोकळा आहे ना?

अंगठ्याचं पेर हनुवटीखाली, हाडाच्या मागच्या मऊ भागावर टेकवा. आळीपाळीनं ‘आ’ आणि ‘ई’ म्हणा. ‘ई’ला तो भाग घट्ट होऊन थोडा खाली दाबला जातो, ‘आ’ला सैल राहतो. हनुवटीच्या हाडामागून निघून जिभेत पसरणारा एक मोठा स्नायू आहे. त्याचे मागचे तंतू जिभेचं मूळ पुढे ओढतात. जिभेचं आकारमान काही कमी होत नाही, त्यामुळे पुढे ओढलेला ऐवज वर फुगतो. म्हणजे पाठ वर ‘ढकलावी’ लागतच नाही. मूळ पुढे आलं की ती आपोआप उचलली जाते.

यामुळेच ‘ई’मध्ये तोंडाचा पुढचा भाग अरुंद आणि घसा रुंद असतो. ‘आ’चं बरोबर उलटं. मूळ मागेच ठेवून नुसती पाठ वर रेटली तर दाबलेला, गळा आवळल्यासारखा ‘ई’ येतो आणि थोड्या वेळात घसा थकतो.

सावध: मानेच्या पुढच्या शिरा ताठ दिसत असतील किंवा हनुवटी पुढे निघत असेल तर थांबा. जोर जिभेच्या मुळाशी हवा, मानेत नको.

## टप्पा ४: नाकाची वाट बंद करा

मऊ टाळू (टाळूचा मागचा, हलू शकणारा भाग) वर उचललेला असला की हवा नाकात जात नाही. ‘ई’ला ही वाट ‘आ’पेक्षा जास्त घट्ट बंद लागते. तोंडातली वाट अरुंद असल्यामुळे मागे जराशी फट राहिली तरी आवाज नाकाकडे वळतो. ‘आ’ला खपून जाणारी गळती ‘ई’ला लगेच ऐकू येते.

तपासणी: ‘ई’ लांबवा आणि मध्येच चिमटीनं नाक दाबा-सोडा, दाबा-सोडा. आवाजात काहीही फरक पडता कामा नये. ‘ईं-ई-ईं-ई’ असं ऐकू आलं तर गळती आहे.

गळती असेल तर ‘बी, बी, बी’ किंवा ‘पी, पी, पी’ म्हणा. ‘ब’ आणि ‘प’साठी मऊ टाळूला वाट बंद करावीच लागते, नाहीतर तोंडात दाब साठत नाही. तीच बंद वाट पुढच्या ‘ई’ला उसनी मिळते. त्यानंतर ‘मी’ आणि ‘नी’ घ्या. हे सगळ्यांत अवघड, कारण ‘म’ आणि ‘न’ नाकाची वाट उघडून जातात आणि ती लगेच मिटवावी लागते. ‘मी’मधला ‘ई’ थोडा नाकात येणं नैसर्गिकच आहे. तो शेवटपर्यंत नाकात राहिला तर मात्र तो दोष.

## टप्पा ५: आता आवाज द्या

इथपर्यंत जमेल तितकं कुजबुजीत करा. जीभ जागेवर बसली की मगच स्वरतंतूंना कामाला लावा. क्रम उलटा झाला, म्हणजे आवाज आधी आणि जीभ नंतर, तर जीभ वर सरकत असतानाचा प्रवासही ऐकू येतो. आरंभीचा ‘य’ पुष्कळदा इथूनच येतो. बऱ्याच मराठी तोंडांना ‘एक’ऐवजी ‘येक’ म्हणायची सवय असते, आणि ती ‘ई’लाही लागते. इंग्रजीत त्यानं घोटाळा होतो: ‘ईस्ट’ म्हणजे पूर्व आणि ‘यीस्ट’ म्हणजे पाव फुगवणारं किण्व, फरक फक्त त्या ‘य’चा.

उपाय सोपा आहे. जीभ ‘ई’वर ठेवा, हलका निःश्वास सोडा आणि त्या निःश्वासातच आवाज सुरू करा, जणू अगदी पुसट ‘ही’. मग ‘ह’ कमी करत न्या. घशात ठोका देऊन सुरुवात केली तर ‘य’ जातो खरा, पण दर वेळी असा ठोका देत राहिलात तर आवाज दमतो.

तपासणी: एकाच सुरावर ‘आ–ई–आ–ई’ म्हणा. ‘ई’ला सूर आपोआप किंचित चढतो. जीभ वर जाते तेव्हा स्वरयंत्रावरही थोडा ताण येतो, हे जगभरच्या भाषांमध्ये दिसतं. चढलेला सूर म्हणजे चांगला ‘ई’ नव्हे. सूर तोच ठेवून ‘ई’ स्पष्ट आला पाहिजे.

## टप्पा ६: ओठ

ओठ गोल नकोत. बस्स. किंचित पसरले तर स्वर थोडा उजळतो, न पसरले तरी चालतं.

याच टप्प्यावर संपूर्ण कामाची एक झकास परीक्षा घेता येते. ‘ई’ धरून ठेवा आणि जिभेला मुळीच न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. जीभ खरोखर पक्की असेल तर ‘ऊ’ येणार नाही. आपल्या भाषेत नसलेला, ‘ई’ आणि ‘ऊ’ यांच्या मधला वाटणारा स्वर येईल. फ्रेंचमध्ये ‘तू’ या अर्थाच्या शब्दात आणि जर्मनमध्ये ‘हिरवा’ या अर्थाच्या शब्दात तोच स्वर आहे. साधा ‘ऊ’ ऐकू आला तर ओठांबरोबर जीभही मागे सरकली. फ्रेंच शिकणारे मराठी भाषक नेमके इथेच अडकतात: म्हणायचं असतं ‘तू’, ऐकणाऱ्याच्या कानी पडतं ‘सगळं’ या अर्थाचा दुसराच शब्द. दुसऱ्या टप्प्याकडे परत जा.

## टप्पा ७: लांबी आणि जागा वेगळ्या ठेवा

मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे नियम कडक असले तरी बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ बहुतेकांच्या तोंडी सारखेच येतात. आपल्या कानाला या फरकाची सवय नाही. त्यामुळे इंग्रजीतले ‘शिप’ आणि ‘शीप’ समोर आले की आपण एकच स्वर कमी-जास्त ताणतो आणि काम झालं असं समजतो.

ते होत नाही. ‘शिप’मधल्या इ-ला जीभ खाली आणि थोडी मध्याकडे आलेली असते, ‘ए’च्या दिशेनं. लांबीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ती पुढच्या व्यंजनावर ठरते: इंग्रजी ‘बीड’मधला (मणी) ई लांब, ‘बीट’मधला (मारणे) आखूड. ‘बिड’मधला ऱ्हस्व इ लांबीला ‘बीट’मधल्या दीर्घ ई-च्या जवळपास येतो. दोघांना वेगळं ठेवते ती जिभेची जागा.

सराव असा करा: जीभ पुरती वर ठेवून अगदी आखूड ‘ई’ म्हणा, टिचकी वाजवल्यासारखा. स्पॅनिशमधला होकाराचा ‘सी’ असाच आहे. मग जीभ अर्धी खाली सोडून ‘शिप’मधला इ मुद्दाम लांबवा. आखूड-उंच आणि लांब-खालचा असे दोन्ही स्वेच्छेनं काढता आले की लांबी आणि जागा तुमच्या ताब्यात वेगवेगळ्या आल्या.

## टप्पा ८: शब्दांत घालून पाहा

सुटा ‘ई’ जमला म्हणजे शब्दात जमेलच असं नाही. शेजारची व्यंजनं जिभेला ओढतात आणि ‘ई’ही त्यांना ओढतो. ‘का, की, कू’ कुजबुजून पाहा: ‘की’मधला ‘क’ टाळूवर पुढे लागतो, ‘कू’मधला मागे. ‘माझा’ आणि ‘माझी’ एकापाठोपाठ म्हणा. ‘माझा’मधला ‘झ’ दातांपाशी होतो, ‘माझी’त तोच ‘झ’ टाळूवर चढतो. ‘त्याचा’–‘त्याची’चंही तसंच. कुणी न शिकवता तुमची जीभ ‘ई’ येणार म्हणून आधीच जागा बदलते. हे जाणवायला लागलं की जिभेची पाठ म्हणजे नेमकं काय हे पुन्हा विचारावं लागत नाही.

सरावाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवा: पी, बी, मग ती, दी, मग ची, शी, मग मी, नी, शेवटी ‘वीट’, ‘पीठ’, ‘तीळ’. ट, ठ, ळ अशा मूर्धन्य व्यंजनांसाठी टोक मागे वळायला आधीच निघतं, आणि ‘तीळ’चा ‘तीअळ’ होतो. तिथे ‘ई’ पूर्ण होईपर्यंत टोक खालीच ठेवायचं, मग वळवायचं. संथ म्हणा. वेग नंतर येतो.

## टप्पा ९: आकड्यांनी खात्री (हवी असेल तरच)

कानावर विश्वास बसत नसेल तर संगणकावर ‘प्राट’ हा मोफत प्रोग्राम घ्या. ‘ई’ दोन-तीन सेकंद रेकॉर्ड करा आणि मधल्या स्थिर भागाचे पहिले दोन फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीचे अनुनाद, पाहा. जीभ जितकी वर, तितका पहिला फॉर्मंट खाली. जीभ जितकी पुढे, तितका दुसरा वर. ‘ई’ला त्यामुळे दोघांत मोठं अंतर पडतं.

अंदाजासाठी पीटरसन आणि बार्नी या संशोधकांची १९५२मधली अमेरिकी इंग्रजीची मोजमापं वापरतात. ‘ई’साठी सरासरी: पुरुष २७० आणि २२९० हर्ट्झ, स्त्रिया ३१० आणि २७९०, मुलं ३७० आणि ३२००. पुरुषांच्या ‘शिप’मधल्या इ-साठी ३९० आणि १९९०. तुमचे आकडे हुबेहूब जुळणार नाहीत, प्रत्येकाच्या तोंडाची लांबी वेगळी. स्वतःच्या ‘ए’शी तुलना करा: ‘ई’चा पहिला फॉर्मंट त्याच्या स्पष्टपणे खाली आणि दुसरा वर हवा.

सावध: प्रोग्राममध्ये फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुषांसाठी साधारण ५००० आणि स्त्रियांसाठी ५५०० ठेवा. चुकीच्या मर्यादेवर ‘ई’चे दुसरा आणि तिसरा फॉर्मंट एकमेकांत मिसळून दिसतात आणि उच्चार बरोबर असून आकडा चूक येतो.

## नेहमीच्या तक्रारी आणि कुठल्या टप्प्याकडे परत जायचं

‘ए’सारखा ऐकू येतो: दुसरा. कडा दाढांना टेकतात का ते पाहा.

फुसफुसतो, घासतो: दुसराच, पण जीभ जास्त वर गेली आहे.

गळा आवळल्यासारखा येतो: तिसरा.

नाकात: चौथा. सर्दी नसताना ‘बी’मधलाही ‘ई’ नाकातच राहत असेल, आणि विशेषतः लहान मुलाच्या बाबतीत असं दिसलं, तर घरच्या घरी सराव लादू नका. वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा, कारण मऊ टाळू मिटण्यातच अडचण असू शकते.

चिरका, पातळ: बहुतेक वेळा ओठ जास्त ताणलेले असतात. ते सैल सोडा, जीभ हलवू नका.

उंच सुरात अस्पष्ट होतो: गाणाऱ्यांनी याची चिंता करू नये. सूर ‘ई’च्या पहिल्या फॉर्मंटच्याही वर गेला, म्हणजे साधारण ३०० हर्ट्झच्या पुढे, की तिथे शुद्ध ‘ई’ धरून ठेवण्यात अर्थ नसतो. आवाज बारीक होऊन अडकतो. जिभेची पाठ वरच ठेवा, टोक खाली, आणि सुराबरोबर जबडा हळूहळू उघडत जा.